दोन्ही तुकडे

आमच्या भागात पायात रॉड असणं ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्ग नळदुर्ग आणि उमरग्यावरून जातो. सोलापूर-धुळे महामार्ग तुळजापूर, धाराशिव, येरमाळ्यावरून. रस्ते रुंद झाले, गाड्यांचा वेग वाढला आणि मांडीचं किंवा नडगीचं हाड मोडलेला एखादा माणूस प्रत्येक गल्लीत दिसू लागला. लग्नात, मय्यतीत किंवा मशिदीत कोणी खुर्ची मागितली की शेजारचा हळूच सांगतो, ‘त्यांच्या पायात रॉड आहे.’ ऐकणाऱ्याचं समाधान होतं. रॉड घातला म्हणजे काम संपलं, असं सगळेच धरून चालतात. तो रॉड आत काय करतो, कधी मोडतो आणि मोडलाच तर बाहेर कसा काढतात, याची चर्चा मात्र कुठं होत नाही. आमच्या अब्बांच्या मांडीतला रॉड मोडला आणि आम्हाला हे सगळं शिकावं लागलं.

इथं ‘आम्ही’ म्हणतो ते मोठेपणासाठी नव्हे. घरात दख्खनी, शाळेत उर्दू आणि बाजारात मराठी, असं आमचं आयुष्य. उर्दूत स्वतःला ‘हम’ म्हणायची सवय पडलेली. मराठी लिहायला बसलं की त्याचं आपोआप ‘आम्ही’ होतं. शिवाय पाय अब्बांचा असला तरी दवाखान्याच्या चकरा अम्मी, धाकटा भाऊ आणि आम्ही, अशा तिघांनी मिळून मारल्या. तेव्हा ‘आम्ही’च बरोबर आहे.

अब्बा टेलर. नळदुर्गात त्यांचं छोटंसं दुकान आहे. चाळीस वर्षं पायडल मशीन चालवलं. पठाणी, कुर्ता-पायजमा, शाळेचे गणवेश हे त्यांचं काम. दुकानात शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला ते पहिल्याच दिवशी एक नियम सांगत. सुई मोडली तर मशीन तिथंच थांबवायचं. दोन्ही तुकडे सापडेपर्यंत कापड पुढं सरकवायचं नाही. एक तुकडा कापडात राहिला तर ज्याच्या अंगावर तो सदरा चढेल त्याला टोचेल, आणि शिव्या टेलरला बसतील. आम्ही लहानपणी जमिनीवर चुंबक फिरवून ते तुकडे शोधत असू. पुढं आम्ही बी.एड. करून उर्दू हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवू लागलो. चुंबकाशी पहिली ओळख मात्र त्या दुकानातच झाली.

अब्बा सांगतात, मोडलेल्या हाडांचं दुखणं त्यांनी जवळून पाहिलं ते भूकंपात. ३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यातली सास्तूरसारखी गावं मातीत मिळाली. आठ ते दहा हजार माणसं गेली आणि हजारो जखमी झाली. दगड-मातीच्या जाड भिंती अंगावर पडल्यामुळे हातापायांची हाडं चुरडलेली. त्या दिवसांत अब्बांनी दुकानात नवे कपडे शिवणं बंद ठेवलं होतं. ते जुने पायजमे उसवत, एका बाजूला कंबरेपर्यंत उघडे ठेवत आणि नाड्या लावून देत. प्लास्टर घातलेल्या किंवा पायाबाहेर सळ्या लावलेल्या माणसाला साधा पायजमा चढत नाही, हे त्यांना एका जखमीच्या भावानं सांगितलं होतं. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी तसाच पायजमा त्यांना स्वतःसाठी लागला.

जानेवारी २०२२ मध्ये दुकान बंद करून घरी येत असताना एका मोटारसायकलनं त्यांना मागून उडवलं. उजव्या मांडीचं हाड गुडघ्याच्या वर, खालच्या भागात मोडलं. सोलापूरच्या एका खासगी दवाखान्यात रात्री नेलं आणि दुसऱ्या दिवशी रॉड बसवला. खर्च पंच्याऐंशी हजार. पाचव्या दिवशी घरी.

आपण ज्याला रॉड म्हणतो त्याला डॉक्टर नेल म्हणतात, म्हणजे खिळा. मांडीचं हाड आतून पोकळ असतं, त्यात मगज असतो. त्या पोकळीतून हा लांब खिळा घालतात. जर्मनीतल्या कील शहरात गेरहार्ड क्युन्चर या डॉक्टरांनी १९३९ साली अशी शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली. तोवर मांडीचं हाड मोडलं की माणसाला वजनं बांधून महिनोन् महिने खाटेवर टांगून ठेवत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेतून सुटलेले इंग्रज आणि अमेरिकन सैनिक मायदेशी परतले, तेव्हा काहींच्या मांडीत हे लांबलचक खिळे होते. तिथले डॉक्टर एक्स-रे पाहून चक्रावले. पुढं खिळ्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला भोकं ठेवून, त्यांतून हाडात आडवे स्क्रू मारायची पद्धत आली. त्यामुळे मोडलेलं हाड फिरत नाही आणि आखूडही होत नाही. अब्बांच्या मांडीत असाच रॉड होता.

तो साध्या लोखंडाचा नसतो. लोखंडात साधारण १७-१८ टक्के क्रोमियम, १३-१४ टक्के निकेल आणि २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम मिसळलेलं असतं. हे पोलाद रक्ता-मांसाच्या खारट ओलीत सहसा गंजत नाही. आम्ही वर्गात त्याला फौलाद म्हणतो. मराठीतला पोलाद आणि उर्दूतला फौलाद हे एकाच फारसी शब्दाचे दोन मुलगे आहेत. काही रॉड टायटॅनियमचे असतात. धातू कोणताही असो, काम एकच. रॉड हाड जोडत नाही. हाड स्वतःच जुळतं. रॉड तोवर दोन तुकडे एका रेषेत धरून ठेवतो, म्हणजे हाडाला मुदत मिळवून देतो. मांडीचं हाड जुळायला साधारण चार ते सहा महिने लागतात. काहींना त्याहून जास्त.

अब्बांचं हाड जुळलं नाही. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. हाडाचे बारीक तुकडे झाले होते, वय साठीच्या पुढं होतं आणि मधुमेह दहा वर्षांपासूनचा. अशा वेळी हाडाच्या फटीत नवं हाड धरायला उशीर होतो, कधी धरतच नाही. डॉक्टरांनी सांगितलं त्याप्रमाणे ते आधी वॉकरवर, मग काठीवर चालले. मशीनला भावानं मोटर लावून दिली, म्हणजे पायडल मारायला नको. तरीही मांडीतली कळ जाईना. २०२२ चा सगळा रमजान त्यांनी दुकानात बसून फक्त कापड कापण्यात घालवला. शिवायचं काम बाहेर द्यावं लागलं. टेलरच्या घरात रमजान म्हणजे वर्षाची कमाई, हे वाचकांना सांगायला नको.

फेब्रुवारी २०२३ मध्ये दुकानाची एक पायरी उतरताना त्यांना आतून ‘टक्’ असा आवाज आला. ते पडले नाहीत. तिथंच पायरीवर बसले आणि शेजारच्या पानवाल्याला म्हणाले, ‘सुई टूटी.’

एक्स-रेत खालच्या दोन स्क्रूंपैकी वरच्या स्क्रूच्या भोकाजवळ रॉडचे दोन तुकडे झालेले स्पष्ट दिसत होते. आम्हाला वाटलं, माल हलका निघाला. दुसऱ्या डॉक्टरांनी, तेही सोलापूरचेच, समजावून सांगितलं. घरातल्या घरात रोज दोन हजार पावलं चालणाऱ्या माणसाची वर्षात सात लाखांवर पावलं होतात. त्यांतली निम्मी त्या पायावर पडतात. हाड जुळलेलं असेल तर प्रत्येक पावलाचा भार हाड घेतं. नसेल तर तो रॉडवर येतो आणि रॉड डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकून पुन्हा सरळ होतो. तार दोन्ही बाजूंना वाकवत राहिलं की तुटते, तसंच हे. भोकापाशी धातू कमी असतो, म्हणून बहुधा तिथूनच तुटतो. हाड जुळणं आणि धातू थकणं, यांची ही शर्यत असते. हाड मागं पडलं की रॉड मोडतो. म्हणजे मोडलेला रॉड हे मुळात दुखणं नव्हेच. हाड जुळलं नाही, ही बातमी तो देतो. नुसता मोडका काढून तसाच नवा घातला तर तोही मोडणार.

आता तो काढायचा कसा, हा प्रश्न. रॉडच्या वरच्या टोकाला आतून आटे असतात. त्यात काढणीचं हत्यार फिरवून बसवायचं आणि हातोडीनं वरच्या दिशेला ठोके देत रॉड बाहेर ओढायचा. पण प्रत्येक कंपनीचे आटे वेगळे. स्क्रूची डोकी वेगळी, त्यांना लागणारे पेचकस वेगळे. म्हणून डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘रॉड कोणत्या कंपनीचा, किती लांब, किती जाड?’

आमच्याजवळ डिस्चार्ज कार्ड होतं. त्यावर ‘उजव्या मांडीत रॉड’ एवढंच लिहिलेलं. पहिल्या दवाखान्यात गेलो. तिथं सांगितलं, जुनी कागदपत्रं दुसरीकडे हलवली आहेत, उद्या या. दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या दिवशी. चौथ्या दिवशी म्हणाले, ऑपरेशनची नोंद आहे, पण रॉडची चिठ्ठी नाही. रॉडच्या पाकिटावर कंपनीचं नाव, माप आणि त्या खेपेचा क्रमांक असलेली चिठ्ठी असते. ती रुग्णाच्या फाईलमध्ये चिकटवायची असते. मागूनही ती आम्हाला मिळाली नाही. त्या चार दिवसांत अब्बा पाटावर पाय बांधून पडून होते आणि आम्ही एसटीनं नळदुर्ग-सोलापूर करत होतो.

हे एकट्या आमच्या घरचं असतं तर लिहिलंही नसतं. मुंबईपासून देशभर गाजलेलं एक प्रकरण आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा ‘एएसआर’ नावाचा खुब्याचा कृत्रिम सांधा. धातूवर धातू घासून त्याचे कण रक्तात उतरत होते. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीनं तो जगभरातून परत मागवला. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांमध्ये तो वापरला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं तक्रार नोंदवली, केंद्रानं २०१७ मध्ये तज्ज्ञ समिती नेमली आणि २०१८ मध्ये ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत भरपाईचं सूत्र ठरलं. पण भरपाई द्यायची कोणाला? या हजारो रुग्णांपैकी बहुतेकांचा पत्ताच लागला नव्हता. ज्यांच्याजवळ कागद होते, तेच पुढं येऊ शकले. सांधा शरीरात आहे, दुखतो आहे, पण तो कोणता हे सांगणारी चार ओळींची चिठ्ठी नाही, म्हणून माणूस मोजणीतच नाही. अब्बांची गोष्ट त्याच्यापुढं फार लहान. तरी चिठ्ठीची किंमत तीच.

शेवटी डॉक्टरांनी एक्स-रेवरूनच अंदाज बांधला. रॉडच्या वरच्या टोकाचा आकार पाहून दोन-तीन कंपन्यांची नावं काढली. सोलापूरच्या व्यापाऱ्याकडून त्या सगळ्यांची काढणीची हत्यारं मागवली. शिवाय कोणत्याही स्क्रूला चालतील अशी उलट्या आट्यांची हत्यारं आणली. स्क्रूचं डोकं झिजलं असेल तर ती त्यात रुतून बसतात आणि उलटं फिरवलं की स्क्रू वर येतो. घालताना एका कंपनीची एक पेटी पुरली होती. काढताना चार पेट्या लागल्या. डॉक्टर म्हणाले, ‘घालणं सोपं असतं. काढायला कसब लागतं. लोकांना मात्र उलटं वाटतं.’

त्याआधी रक्ताच्या तपासण्या झाल्या. आत पू किंवा जंतू असतील तर सगळा बेतच बदलतो. मग आधी धातू काढून जखम स्वच्छ करायची, जंतू मारायचे आणि काही आठवड्यांनी पुन्हा हाड बांधायचं. अब्बांच्या नशिबानं तसं काही निघालं नाही. तरीही ऑपरेशनच्या वेळी फटीतला थोडा भाग तपासायला पाठवणार, हे आम्हाला आधीच सांगितलं होतं. पैशांचा बंदोबस्त अम्मीनं केला. भिशी उचलली, पतसंस्थेचं कर्ज काढलं. दुसऱ्या खेपेचा खर्च एक लाख चाळीस हजार.

मार्च २०२३ च्या सुरुवातीला ऑपरेशन झालं. रमजान तीन आठवड्यांवर होता. भूल कमरेखालची दिलेली, त्यामुळे अब्बा जागे होते. पुढचं सगळं त्यांनीच आम्हाला सांगितलं. आधी खालचे आणि वरचे स्क्रू काढले. एका स्क्रूचं डोकं फिरून झिजलेलं, त्याला वेळ लागला. मग वरचा मोठा तुकडा ठोके देऊन काढला. दुखत नव्हतं, पण प्रत्येक ठोका दाताला जाणवत होता. ते मनात दरूद म्हणत होते आणि ठोके मोजत होते.

खरी परीक्षा खालच्या तुकड्याची. बोटभर लांबीचा तो तुकडा गुडघ्याजवळ, हाडाच्या खोल पोकळीत अडकलेला. त्याला ना आटे, ना धरायला जागा. रॉड आतून पोकळ असतो, याचाच इथं उपयोग होतो. लांब सळीच्या टोकाला आकडा असतो. ती सळी वरच्या भोकातून हाडातून खाली न्यायची, मोडक्या तुकड्याच्या पोकळीतून आरपार काढायची, आकडा त्याच्या खालच्या काठाला अडकवायचा आणि मग ओढायचं. सगळं सी-आर्मच्या पडद्यावर पाहत करायचं. विहिरीत पडलेली बादली गळानं काढावी तसं. दोनदा आकडा निसटला. तिसऱ्यांदा बसला.

ठोक्यांचा आवाज थांबला तेव्हा अब्बांनी पडद्याआडून विचारलं, ‘डॉक्टरसाब, दोनों टुकडे निकले क्या?’

डॉक्टरांना नवल वाटलं असावं. त्यांनी दोन्ही तुकडे ट्रेमध्ये टोकाला टोक लावून ठेवले आणि ट्रे अब्बांना दिसेल असा धरला. मोडलेल्या कडा एकमेकींत बसत होत्या. मधला कण नाहीसा झालेला नव्हता. अब्बांनी ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हटलं आणि डोळे मिटले. मग आतली पोकळी रुंद करून आधीपेक्षा दोन मिलिमीटर जाड रॉड घातला आणि कमरेच्या हाडाचा कीस काढून फटीत भरला. पोकळी खरवडताना निघणारा हाडाचा भुगासुद्धा नवं हाड धरायला मदत करतो, असं डॉक्टर म्हणाले. साडेतीन तास लागले. या वेळी चिठ्ठी भावानं ऑपरेशन थिएटरच्या दारातच मागून घेतली.

घरी भेटायला येणाऱ्यांचे प्रश्न निराळे. आमची फूफी म्हणाली, ‘भाई, लोखंड घेऊन कबरीत जाणार का? सगळंच काढून टाकायचं होतं.’ अब्बा गप्प झाले. त्यांच्या मनात ते आधीपासून असावं. आम्ही मशिदीच्या मौलानांना घरी बोलावलं. ते म्हणाले, उपचारासाठी घातलेला धातू मय्यतीच्या वेळी चिरून काढायची काही गरज नाही. मयताच्या शरीराला इजा करायची नसते. जिवंतपणी काढायचा की ठेवायचा, हे डॉक्टरांना विचारा. फूफीचं समाधान झालं. अब्बांनी दुसरा प्रश्न विचारला, सजदा जमिनीवर कधी करता येईल? मौलाना हसून म्हणाले, ‘हे मात्र खरंच डॉक्टरांना विचारा.’

आम्ही विचारलं. प्रौढ माणसाचं हाड जुळलं आणि धातूचा त्रास नसेल तर तो तसाच राहिला तरी चालतो. काढायच्या ऑपरेशनलाही धोके आहेत. रक्तस्राव होऊ शकतो, नसेला इजा होऊ शकते. स्क्रू काढल्यावर हाडात भोकं उरतात आणि ती भरेपर्यंत हाड कच्चं असतं. त्या काळात जपलं नाही तर तिथंच पुन्हा मोडतं. टायटॅनियमच्या काही पट्ट्यांमध्ये तर स्क्रूची डोकी पट्टीत इतकी घट्ट बसतात की ती ड्रिलनं कापून काढावी लागतात. मुलांची गोष्ट वेगळी. त्यांची हाडं वाढत असतात, त्यामुळे त्यांचा धातू बहुतेक वेळा काढतात. धातू मोडला, सैल झाला, जंतू झाले किंवा टोचू लागला, तर मात्र काढावाच लागतो. ‘सगळ्यांनी काढा’ हेही खरं नाही आणि ‘कोणीच काढू नका’ हेही नाही.

२०२३ चा रमजानही दुकानात गेला नाही. ईद २२ एप्रिलला झाली. त्या ईदला आमच्या घरात नवा कपडा शिवला गेला नाही. टेलरच्या घरात असं पहिल्यांदा झालं. नोव्हेंबरच्या एक्स-रेत फटीभोवती नव्या हाडाचा पांढरा गोळा दिसला आणि डॉक्टरांनी काठी सोडायला सांगितली. २०२४ च्या रमजानात अब्बा दुकानात बसले. सजदा अजून खुर्चीवरूनच करतात. गुडघा पुरता वाकत नाही. त्याची तक्रार ते करत नाहीत. फाईलमध्ये जुन्या कागदांवर उस्मानाबाद जिल्हा आहे, सप्टेंबर २०२३ नंतरच्या कागदांवर धाराशिव. पाय तोच आहे.

जुलै २०२४ मध्ये आठवीच्या वर्गात आम्ही धातू शिकवत होतो. मिश्रधातू म्हणजे काय, हे दाखवायला रॉडचे ते दोन तुकडे नेले. मुलांनी ते हातोहात फिरवले, चुंबक लावून पाहिलं आणि चिकटत नाही म्हणून ओरडा केला. मागच्या बाकावरच्या एका मुलानं ते तुकडे बराच वेळ धरून ठेवले. तास संपल्यावर तो टेबलापाशी आला.

‘सर, मेरे अब्बू का बी टूटता क्या?’

त्याचे वडील सेंट्रिंगचं काम करतात. फेब्रुवारीत पहाडावरून पडले आणि मांडीत रॉड बसला. पाच महिने झाले होते. दोन एक्स-रे झाले, पण हाड पुरतं धरलेलं नाही, भार टाकू नका, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. मुकादम रोज निरोप पाठवत होता. घरात पाच माणसं आणि शिलाईवर मिळवणारी एकटी आई. पुढच्या सोमवारपासून ते कामावर जाणार होते.

आम्ही संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. सोबत तुकडे होते. आवाजात शिक्षकाचा सूर येऊ नये, याची काळजी घेतली. पोटाची अडचण असलेल्या माणसाला ‘आराम करा’ सांगणं फार सोपं असतं. पावलांचा हिशेब सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात त्यांनी तुकडे हातात घेऊन मोडलेली कड अंगठ्यानं चाचपली आणि आम्हाला थांबवलं.

‘सर, मालूम हैना. सळी एक बार मुडी, दो बार मुडी, तिसरी बार टूटतीच. हमारा कामच वो है.’

खरं होतं. आयुष्यभर लोखंडी सळ्या वाकवणाऱ्याला धातू कसा थकतो हे आम्ही काय शिकवणार? त्यांना कळत नव्हतं असं नाही, थांबायला जागा नव्हती. मग बोलणं रॉडवरून पैशावर आलं, आणि तेच बरोबर होतं. मोहल्ल्याच्या बैतुलमालमधून तीन महिन्यांचा किराणा मिळाला. आधी दोन लोकांनी कुरकुर केली की असे पाय मोडलेले तर पुष्कळ आहेत. अब्बा काठी न घेता बैठकीला गेले आणि स्वतःचे तुकडे सगळ्यांपुढं ठेवून म्हणाले, ‘याची दुसरी खेप एक लाख चाळीस हजारांची आहे. किराणा स्वस्त पडेल.’ मुकादमालाही समजावलं. बीम-कॉलमला लागणाऱ्या चौकोनी रिंगा वाकवायचं काम खाली बसून करता येतं. मजुरी निम्मी, पण पायावर भार नाही. ते काम त्यांना घरापुढच्या अंगणात मिळालं.

त्यांच्या पहिल्या दवाखान्यात आम्ही दोघे मिळून गेलो आणि रॉडच्या चिठ्ठीची मागणी लेखी दिली. दोन फेऱ्यांनंतर ती मिळाली. वाचकांना आमची एवढीच विनंती आहे. घरात कोणाच्या पायात रॉड, पट्टी किंवा सांधा बसत असेल तर दवाखाना सोडायच्या आधी ती चिठ्ठी मागा. तिच्यावर कंपनीचं नाव, माप आणि क्रमांक असतो. रेशनकार्ड आणि शाळेचे दाखले जिथं ठेवता तिथं ती ठेवा आणि मोबाइलमध्ये तिचा फोटो काढून ठेवा. हाड जुळायच्या आत माणूस कामावर निघाला असेल तर त्याला उपदेश करण्याआधी त्याच्या घरचा पिठाचा डबा पाहा. रॉड हाडाला मुदत देतो. त्या माणसाला मुदत आपण द्यायची असते.

डिसेंबर २०२४ मध्ये तो मुलगा मधल्या सुट्टीत वडिलांचा नवा एक्स-रे घेऊन आला. आम्ही तो खिडकीच्या उजेडात धरला. फटीच्या तीन बाजूंनी पांढरं हाड धरलं होतं. चौथी बाजू अजून काळी होती. आम्ही त्याला ती काळी रेघ बोटानं दाखवली आणि सांगितलं, ही भरेपर्यंत अब्बूंना रिंगाच वाकवू दे. त्यानं मान हलवली आणि एक्स-रे पाकिटात घातला. पाकिटाच्या आतल्या बाजूला रॉडची चिठ्ठी डिंकानं चिकटवलेली होती.